सोंग कुणाचे, बोली कुणाची?

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द काढला की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते आणि पोरांचे डोळे लकाकतात. त्या दोहोंच्या मध्ये बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण ते कोणी बोलत नाही. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पोरे रात्री-अपरात्री ‘मार, मार’ म्हणून ओरडतात, या तक्रारी खऱ्याच आहेत. त्यांच्यावर निबंध झाले, वक्तृत्व स्पर्धा झाल्या, व्याख्यानेही झाली. त्यांत मी भर घालीत नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच. परक्या मुलखात, परक्या भाषेत तयार झालेला खेळ आपला मुलगा खेळतो तेव्हा त्याला त्यात नेमके काय दिसते? आणि जे दिसते ते सांगायला त्याच्याजवळ शब्द आहेत काय?

जपानी लोकांनी हा प्रश्न स्वतःला गेली चाळीस वर्षे विचारला आहे आणि त्याची उत्तरेही मोठ्या हिरिरीने दिली आहेत. वास्तविक हा देश व्हिडिओ गेमच्या बाबतीत जगाला देणारा. तरीही अमेरिका-युरोपातून आलेल्या खेळांसाठी त्यांच्या बोलीत एक खास शब्द आहे, ‘योगे’. ‘यो’ म्हणजे पश्चिमेकडचे आणि ‘गे’ हे गेमचे तोकडे रूप. (आपण ‘त्याच्या योगे’ असे लिहितो त्याच्याशी याचा काडीचा संबंध नाही.) शब्द दिसायला साधा, पण त्याला एक वास आहे. ‘योगे’ म्हणजे ओबडधोबड, खेळणाऱ्याची फिकीर न करणारा, रक्तामांसाचा सडा घालणारा, मातकट रंगाचा खेळ, असा अर्थ बरीच वर्षे त्यात दडलेला होता. जपानीत आणखी एक जुने विशेषण आहे, ‘बाताकुसाई’. शब्दशः अर्थ, लोण्याचा वास मारणारे. जे फार साहेबी वाटते त्याला ते लावतात. घोडेगावसारख्या म्हशींच्या बाजाराच्या गावी लोण्याच्या वासाला कोणी शिवी मानणार नाही, परंतु भावना समजण्यासारखी आहे.

हा सगळा वाद विशेषेकरून एका जातीच्या खेळांबद्दल झाला. इंग्रजीत त्यांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. ‘भूमिकाप्रधान क्रीडा’ वगैरे जड शब्द घडवण्यापेक्षा मला ‘सोंगखेळ’ हा शब्द बरा वाटतो. सोंग म्हटले की ढोंग आठवते, हे खरे; पण नाथांच्या भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी यांची सोंगे येतात ती फसवायला येत नाहीत. बोहाड्यात मुखवटा चढवलेला गडी रात्रभर देव असतो आणि सकाळी पुन्हा नांगराला लागतो. सोंगखेळही तसाच. खेळणारा एक पात्र अंगावर घेतो, त्याच्या पायांनी मुलूख हिंडतो, गावोगावच्या माणसांशी बोलतो, मिळवतो, गमावतो, लढतो, आणि त्याच्या निर्णयांप्रमाणे कथा पुढे सरकते. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा फासे-कागद-पेन्सिलीचा खेळ निघाला, तो याचा मूळपुरुष. पुढे १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझार्ड्री’ हे दोन खेळ संगणकावर आले.

यातल्या ‘विझार्ड्री’ची जपानात जी गंमत झाली ती ऐकण्यासारखी आहे. मूळ अमेरिकन लेखक थट्टेखोर होते. त्यांनी भुयारात जागोजाग विनोद पेरून ठेवले होते. खेळात एक जबरदस्त तलवार सापडते, तिचे नाव ‘क्विझिनार्ट’चे पाते. आता क्विझिनार्ट हे अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातल्या, भाज्या चिरणाऱ्या यंत्राचे नाव. म्हणजे आपल्याकडे एखाद्या भवानी तलवारीला ‘सुमीत मिक्सर’ म्हणावे तसे. जपानी मुलांना हे यंत्र ठाऊक नव्हते. त्यांची समजूत झाली की क्विझिनार्ट नावाचा कोणी थोर लोहार होऊन गेला असावा आणि ही त्याच्या हातची तलवार असावी. अमेरिकेत ज्यावर हसायचे त्यावर जपानात मान लवली. पुढे १९८७ साली जपानच्या घरगुती ‘फामिकॉम’ यंत्रावर हा खेळ आला तेव्हा त्याची चित्रे आणि संगीतही त्या गंभीर समजुतीला शोभेल असेच केले गेले. त्याच्यावर जपानी कादंबऱ्या निघाल्या. मूळ अमेरिकन मालिका २००१ मध्ये आठव्या भागाबरोबर संपली, पण जपानात तिचे नवे भाग त्यानंतरही निघत राहिले. चुकीच्या वाचनातून एक अख्खी परंपरा उभी राहिली! साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. एका भाषेतले पुस्तक दुसऱ्या भाषेत गेले की असे काहीतरी होतेच.

दुसरी गोष्ट यूजी होरी या गृहस्थांची. हे वासेदा विद्यापीठाच्या साहित्य विभागाचे पदवीधर, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. पेशाने मासिकांत लिहिणारे. एनिक्स कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले म्हणून १९८३ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला ॲपल संगणकांच्या मेळाव्याला गेले आणि तिथे त्यांनी ‘विझार्ड्री’ पाहिला. तीन वर्षांनी, मे १९८६ मध्ये, त्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ बाजारात आला. ‘अल्टिमा’चा वरून दिसणारा नकाशा त्यांनी घेतला, ‘विझार्ड्री’ची लढाई घेतली, पण जपानी पोराला हे सारे नवखे आहे याचे भान ठेवले. खेळ सुरू होतो तो राजाच्या बंद दालनात. तिथल्या पेट्या उघडाव्या लागतात, त्यात किल्ली सापडते, किल्लीने दार उघडावे लागते, मग जिना. या चार कृती जमल्या की खेळ कसा खेळायचा ते पोराला समजले; शिकवणी वेगळी नाही. फामिकॉमच्या कॅसेटमध्ये जागा इतकी थोडी की काताकाना लिपीतली सगळी अक्षरेसुद्धा मावेनात. होरींनी मोजकीच अक्षरे निवडली आणि तेवढ्यांत बसतील अशीच नावे राक्षसांना दिली. १९८८ मध्ये मालिकेचा तिसरा भाग निघाला त्या दिवशी जपानी मुले शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली.

एका संस्कृतीचा खेळ दुसरीने पचवल्याचे उदाहरण आपल्या उंबऱ्याशीही आहे, फक्त उलट दिशेचे. इथून जवळच नेवासे. तिथे खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ‘मोक्षपट’ नावाच्या सोंगट्यांच्या खेळाचे जनकत्वही परंपरा त्यांच्याकडेच देते. असले जुने पट पाहिले तर त्यांत शिड्यांपेक्षा साप जास्त दिसतात, कारण पाय घसरण्याच्या जागा संसारात जास्तच असतात, आणि शेवटच्या घरात वैकुंठ असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशा व्हिक्टोरियन सद्गुणांच्या शिड्या झाल्या, पुढे साप आणि शिड्या समसमान झाल्या, आणि हळूहळू शिकवणच गळून पडली. तोच ‘सापशिडी’ होऊन आपल्या जत्रेत विकायला आला. आपण तो घेतला. वैकुंठ कुठे गेले असे कोणी विचारले नाही.

जपानकडे परत येतो. नव्वदीच्या आणि त्यानंतरच्या काळात जपानी आणि पाश्चात्त्य सोंगखेळांच्या वाटा अगदीच निराळ्या झाल्या. जपानी खेळात सोंग बहुधा आधीच बांधलेले असते. नायकाला नाव असते, चेहरा असतो, आई असते, मनात एखादे शल्य असते; खेळणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याची कहाणी शेवटास नेतो. पाश्चात्त्य खेळ मातीचा गोळा हातात देतो. नाक कसे हवे, जात कोणती, स्वभाव कोणता, सारे तूच ठरव. आणि एकदा मुलखात सोडले की कुठे जायचे तेही तूच बघ. पुष्कळ जपानी खेळाडूंना हे स्वातंत्र्य नसून पोरकेपण वाटले. ‘करायचे काय ते कळत नाही’ ही त्यांची ठरलेली तक्रार. माणसांचे चेहरे राकट आणि कुरूप वाटतात, ही दुसरी. नायकाच्याच डोळ्यांतून सारे पाहण्याची जी पाश्चात्त्य रीत, तिने भोवळ येते, ही तिसरी. या भोवळीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दसुद्धा आहे. या तक्रारी सगळ्याच रास्त होत्या असे मला वाटत नाही. लोण्याचा वास येतो असे म्हणण्यात पुष्कळदा आपल्या मिसोच्या वाटीचा अभिमानही असतो. पण तक्रार करायला वाचन लागते, तुलना लागते, आणि ‘आम्हाला असे आवडते’ हे सांगण्याची छाती लागते. ती त्यांच्यापाशी होती.

आणि त्यांनी मतही बदलले. ‘फामित्सू’ नावाचे त्यांचे एक जुने नियतकालिक आहे. त्यात चार परीक्षक दहापैकी गुण देतात. २०११ साली ‘स्कायरिम’ या अमेरिकन सोंगखेळाला त्यांनी चाळीसपैकी चाळीस दिले. पश्चिमेत तयार झालेल्या खेळाला हा मान प्रथमच मिळाला. ज्या मोकळ्या रानाला पूर्वी पोरकेपण म्हटले जाई तेच आता भटकंतीचे सुख झाले. २०२० मध्ये ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळालाही पूर्ण गुण मिळाले. हा तर अमेरिकेतल्या मंडळींनी जपानच्या सामुराईंवर केलेला खेळ. परक्याने आपल्यावर केलेले काम चांगले असेल तर चांगले म्हणायचे, एवढा विश्वास त्यांना स्वतःबद्दल आहे.

आता ज्या प्रकरणामुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. २००८ मध्ये ‘फॉलआउट ३’ नावाचा अमेरिकन सोंगखेळ निघाला. अणुयुद्धानंतर उजाड झालेल्या अमेरिकेतली कथा. त्यात एका वस्तीच्या मधोमध न फुटलेला अणुबाँब पडलेला आहे, आणि खेळणाऱ्याला वाटले तर तो फोडून ती वस्ती नष्ट करता येते. त्यातल्या एका शस्त्राचे नाव ‘फॅट मॅन’; नागासाकीवर पडलेल्या बाँबचे हेच नाव. जपानी आवृत्ती काढताना बाँब फोडण्याचा पर्याय काढून टाकला गेला, शस्त्राचे नाव बदलले गेले, आणि बाकीचा सारा खेळ जपानीत भाषांतर करून जपानी माणसाच्या हाती दिला गेला. ज्या देशाची जखम सर्वांत खोल, त्याच्यासाठी कात्रीने दोन तुकडे कापले. पुस्तक मिटवले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की हा खेळ भारतात आणला जाणार नाही. कारण दिले ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’चे, नेमके काय खुपले ते सांगितले नाही. लोकांनी तर्क केला तो गाईचा. या खेळात किरणोत्सर्गाने बिघडलेल्या दोन तोंडांच्या गाई आहेत आणि त्यांचे नाव ठेवले आहे ‘ब्राह्मण’. नाव अमेरिकन लेखकांनी ठेवले ते त्यांच्याकडच्या ‘ब्रह्मन’ जातीच्या, म्हणजे मूळ भारतीय वाणाच्या, वशिंडाच्या गुरांवरून असे दिसते. घोडेगावच्या बाजारात दोन तोंडांचे जनावर आले असते तर दावण सोडण्याआधी पहिला वाद झाला असता तो कोणत्या तोंडाचे दात पाहून वय ठरवायचे यावर. धर्म बुडाला असता की नाही ते मला सांगता येत नाही. कोणाच्या भावना दुखावल्या असत्या, कोणी हसले असते, कोणी म्हटले असते की नाव बदला आणि आणा. यापैकी काहीच घडले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. आमच्या वतीने कोणीतरी दूर बसून आमची संवेदना ठरवून टाकली. पुढे २०१५ मध्ये त्याच मालिकेचा चौथा भाग भारतात उघड विकला गेला. गाई त्यातही आहेत, दोन्ही तोंडांसकट. आभाळ कोसळले नाही.

जपानला कात्री आणि आपल्याला कुलूप, असे का? पैसा हे एक कारण आहेच. जपान ही मोठी बाजारपेठ होती, आपण नव्हतो. पण मला दुसरे कारण अधिक बोचते. जपानी खेळाडू जपानीत बोलत होता, लिहीत होता, भांडत होता. त्याला काय आवडेल, काय टोचेल, हे जगाला ऐकू येत होते. आपला आवाज कोणत्या भाषेत ऐकू येणार होता?

आपल्या भागातली पोरे खेळत नाहीत असे नाही. १९९० नंतरच्या काळात टीव्हीला जोडायचे खेळ घरोघर आले, पिवळ्या-लाल कॅसेटी आल्या. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळून एक पिढी मोठी झाली, आणि हे दोन्ही जपानी खेळ आहेत हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हते. खेळांच्या दुकानांत ‘स्ट्रीट फायटर’ होता. त्यातला भारतीय म्हणजे धालसीम. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हात, तोंडातून आग. हा जपानी कंपनीने १९९१ मध्ये पाहिलेला भारत. आपली पोरे खुशाल त्याला निवडत आणि खेळत. मग २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०१८ पासून ‘पब्जी’ आला. २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली, दुसऱ्या वर्षी तोच खेळ भारताचे नाव लावून परत आला. माळकऱ्याच्या घरातला मुलगाही लढाई जिंकली की ‘चिकन डिनर झाला’ म्हणतो. त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, आणि घरच्यांना त्याचा अर्थ कळत नाही म्हणून सारे सुखाने चालले आहे.

या सर्व खेळांत एक साम्य आहे. त्यांना वाचन लागत नाही. उडी मारायला, गोळी घालायला भाषा लागत नाही. सोंगखेळाला मात्र भाषाच लागते. एखाद्या गावप्रमुखाशी बोलताना चार उत्तरांपैकी कोणते निवडायचे, त्यात उपरोध कुठला आणि विनवणी कुठली, कोण खोटे बोलतो आहे, हे ओळखता आले नाही तर खेळ खेळलाच नाही. २०१९ मध्ये निघालेल्या ‘डिस्को इलिझियम’ या खेळात सुमारे दहा लाख शब्दांचा मजकूर आहे. आपल्या अभ्यासक्रमातल्या कितीतरी कादंबऱ्या त्यात बुडून जातील. असे खेळ जपानीत मिळतात. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये निघाला. जपानी खेळाडूंनी जपानी आवृत्तीसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरापर्यंत वाट पाहिली आणि ती त्यांना मिळाली. मराठीत वाट पाहण्यासारखेही काही नाही. म्हणून आमच्या वाट्याला गोळीबार तेवढा आला. आणि मग वडीलधारी मंडळी म्हणतात, या पोरांना नुसती मारामारीच आवडते! ज्याच्यापुढे फक्त शेव-चिवड्याची पुडी ठेवली त्याला पुरणपोळी आवडत नाही, असे म्हणण्यापैकीच हे झाले.

भाषांतर वाईट झाले तर काय होते तेही जपानी लोकांनी भोगले आहे. २००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या युद्धखेळात दहशतवाद्यांचा म्होरक्या साथीदारांना बजावतो की तोंडातून रशियन शब्द निघता कामा नये. जपानी आवृत्तीत त्याचे झाले, ‘ठार करा, हे रशियन आहेत’! जपानी खेळाडू आजही त्यावर हसतात. पण हसायला आधी भाषांतर हातात असावे लागते.

‘मराठीत कोण घेणार?’ असे कोणी विचारील. त्याला मी पोलंडकडे बोट दाखवतो. या देशाची लोकसंख्या चार कोटींच्या आत. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख भरले. पोलंडातही खेळांच्या चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होता. १९९९ मध्ये तिथल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने ‘बाल्डर्स गेट’ हा सोंगखेळ संपूर्ण पोलिशमध्ये आणला. नाणावलेल्या पोलिश नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि नियमांचे पुस्तक घातले, आणि लोकांनी चोरटी प्रत सोडून तो विकत घेतला. भाषांतर करता करता ही मंडळी खेळ कसा रचतात ते शिकली. २००७ मध्ये त्यांनी आंद्रेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर ‘द विचर’ हा स्वतःचा सोंगखेळ काढला, आणि २०१५ मध्ये त्याचा तिसरा भाग जगभर गाजला. जपानीतही त्याची बोलती आवृत्ती निघाली. भाषांतर आधी, निर्मिती नंतर. होरींचाही क्रम फार वेगळा नव्हता.

मराठीला तर हा क्रम मुळीच नवा नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आणला नसता तर आमच्या आजोबांच्या पिढीतली कित्येक मुले चंद्रावर गेलीच नसती. त्या त्या काळात तरुणांना जे वेड लावणारे होते ते मराठीत यावे असे कोणाला तरी वाटले. आज आमचे वेड कोणी भाषांतर करण्याच्या लायकीचे मानत नाही, हे माझे खरे दुःख आहे.

एक आक्षेप मात्र मला विचारात पाडतो. ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ या खेळांचे कर्ते हिदेताका मियाझाकी यांनी सांगितले आहे की घरी पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून लहानपणी ते वाचनालयातून पुस्तके आणीत. वयाला न पेलणारी पुस्तके वाचताना जे कळेना ते चित्रांवरून कल्पनेने भरून काढीत. त्यांच्या खेळांत कथा तुटक, अर्धवट सांगितलेली असते ती त्यातूनच. मग आमच्या पोरांनीही अर्धवट इंग्रजीत खेळावे आणि उरलेले मनाने भरावे, असे म्हणता येईल. काही जण तसे करतातही, आणि त्यांचे इंग्रजी सुधारते हे मी नाकारत नाही. पण गाळलेल्या जागा भरायच्या तर भोवती काही छापलेले लागते. चार ओळींत एक शब्द अडला तर कल्पना धावते. चारही ओळी अडल्या तर पोरगा बटण दाबून संवाद पुढे ढकलतो आणि तलवार काढतो. खात्री करून घ्यायची असेल त्याने एखाद्या पोराच्या शेजारी अर्धा तास बसावे.

दुसरी एक हाक हल्ली ऐकू येते, की परक्यांचे खेळ नकोतच, आपल्या संस्कृतीचे खेळ करा. त्याला माझा विरोध नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला तरी ही मंडळी हटली नाहीत, आणि त्या वर्षी जागतिक पुरस्कारांत नवोदितांच्या विभागात त्यांचे नामांकन झाले. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. पण हा खेळ आधी इंग्रजीत बोलला आणि २०२२ मध्ये हिंदीत. पुण्यात घडलेला खेळ मराठीत बोलत नाही यात त्या चमूचा दोष नाही; मराठीत कोणी मागितलाच नसणार. देव आपले, किल्ले आपले, आणि बोलायचे मात्र साहेबाच्या भाषेत, याला मी संस्कृतीचा खेळ म्हणायला तयार नाही. त्यापेक्षा परक्या गावच्या परक्या राक्षसाने माझ्याशी धड मराठीत दोन शब्द बोललेले मला चालतील.

हे काम कोणी करायचे? संगणकवाले म्हणतील, लिपीची अडचण आहे. आणि ती आहेच. खेळ बनवण्याच्या काही प्रचलित साधनांत देवनागरीची जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. पण ‘गोडो’सारख्या फुकट साधनाने २०२३ पासून ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे, आणि मोजक्या काताकानांत खेळ बसवणाऱ्याची गोष्ट आपण वर पाहिलीच. बाकीचे काम भाषेचे आहे. ते कला शाखेच्या मुलामुलींचे. ‘बी. ए. करून काय करणार?’ हा प्रश्न ज्यांना दर दिवाळीला पाहुणे विचारतात त्यांचे. उपरोध आणि विनवणी यांतला फरक ओळखणे, म्हातारीच्या तोंडी म्हातारीची आणि फौजदाराच्या तोंडी फौजदाराची बोली घालणे, हेच तर आपण तीन वर्षे शिकतो.

मोठा खेळ एकदम कोणी आपल्या हाती देणार नाही. त्याला यंत्रे लागतात, आणि सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. पण ‘ट्वाइन’ नावाचे एक साधन २००९ पासून फुकट उपलब्ध आहे. त्यात चित्र लागत नाही, आज्ञावलीही फारशी लागत नाही. परिच्छेद लिहायचा, त्याच्याखाली दोन-तीन वाटा द्यायच्या, आणि प्रत्येक वाटेला पुढचा परिच्छेद जोडायचा. महाविद्यालयातल्या संगणकावर ते चालते. मराठी विभागाने दर वर्षी निबंध स्पर्धा घेतो तशी यंदा याची घ्यावी, अशी माझी सूचना आहे. विषयही सुचवून ठेवतो: बाजाराचा दिवस, कांद्याचा भाव पडलेला, घरात बहिणीचे लग्न ठरलेले, आणि बापाने म्हैस विकायला पोराला एकट्याने घोडेगावला पाठवले आहे. दलाल उपरण्याखाली हात धरून बोटे दाबतो. पहिली वाट, मान हलवायची. दुसरी, हात काढून घ्यायचा. तिसरी मी अजून लिहिलेली नाही.

— तृतीय वर्ष कला